दार लावून शिकवलेलं

माझी वहिनी इस्त्री करते. गल्लीच्या तोंडाशी तिचं दुकान आहे, म्हणजे घराचीच पुढची खोली. एक लांब टेबल, भिंतीला टेकून घडी केलेल्या कपड्यांचे गठ्ठे, आणि रस्त्याकडे उघडणारं काउंटर. शर्ट हातात आला की ती आधी कॉलर घेते, मग खांदा, मग बाह्या, आणि पाठ सगळ्यात शेवटी. ती लग्न होऊन आमच्या घरात आली तेव्हापासून मी हा क्रम बघते आहे. एकदा तिला ताप होता म्हणून मी मदतीला उभी राहिले आणि बाह्या आधी केल्या, तर तिने अंथरुणातून उठून तो शर्ट पुन्हा ओला केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. अशा बाईशी वाद घालण्यात काही अर्थ नसतो. तरी मी घालते. मी तिची धाकटी नणंद, समोरच्याच इमारतीत राहते, आणि माझ्या जिभेमुळे तिने माझं नाव टाचणी ठेवलं आहे.

माझा थोरला भाऊ, दादा, एका मोठ्या हॉटेलात कॅप्टन होता. कॅप्टन म्हणजे वेटरांच्या वरचा माणूस, पाहुण्यांना टेबलापर्यंत नेऊन खुर्ची ओढून देणारा. पांढरा शर्ट, काळी पँट, पाठ ताठ, आणि चालताना बुटांचा आवाज नाही. गल्ली त्याला कडक म्हणायची. सकाळी तो कामाला निघाला की वहिनी इस्त्री बाजूला ठेवून तो कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहायची, आणि काउंटरवर गिऱ्हाईक असलं तर त्यालाही बघायला लावायची. मी म्हणायचे, दुकानाची फुकट जाहिरात चालली आहे. पण ती नुसती जाहिरात नव्हती. तिला तो फार आवडायचा, आणि तो आपला आहे हे चार लोकांना दिसावं असं तिला वाटायचं.

मग दादा विसरायला लागला. भरलेल्या टेबलावर दुसरेच पाहुणे नेऊन बसवू लागला, तेव्हा हॉटेलवाल्यांनी त्याला मानाने निरोप दिला. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला आणि तो वाढतच जाणार हेही सांगितलं. आधी नावं गेली, मग दिवस-वार गेले, मग एक दिवस तो वहिनीला ‘अगं’ म्हणायचा तो ‘अहो बाई’ म्हणू लागला. वहिनीने ते हसण्यावारी नेलं. म्हणाली, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच या घरात मला कोणी मान देतंय.

हसणं थांबलं ते दुकानात. सकाळची वेळ होती, काउंटरवर गिऱ्हाइकं होती, मीही होते. दादा आतून बाहेर आला. पँट गुडघ्यापर्यंत ओली, चेन उघडी. त्याने एका बाईकडे बघून हॉटेलातल्यासारखी मान झुकवली आणि तिच्यासाठी खुर्ची ओढायला गेला. त्या बाईने आपल्या धुतलेल्या कपड्यांचा गठ्ठा पटकन छातीशी घेतला. सगळे एकदम रस्त्याकडे बघायला लागले, जणू तिथून मिरवणूक चालली होती. वहिनी ‘आत व्हा’ म्हणाली, ते इतक्या थंड आवाजात की मीच दोन पावलं मागे सरकले.

मागच्या खोलीत त्याचे कपडे बदलताना ती रडत होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. जन्मभर लोकांचे डाग पडलेले कपडे हाताळले, म्हणाली, कोणाच्या चादरीवर काय असतं ते मला माहीत आहे, कधी तोंड वाकडं केलं नाही. आणि आज माझ्याच माणसाची मला किळस आली. लोकांची लाज वाटत होती, त्याची वाटत होती, आणि त्याची वाटली म्हणून स्वतःची वाटत होती. त्या दिवसापासून दादाचा मुक्काम मागच्या खोलीत गेला. तिथे एक हातांची लाकडी खुर्ची होती, पलंग होता, आणि खिडकीला जाड पडदा.

बसून बसून त्याचं उठणंही बिघडलं. उठायचं म्हटलं की तो पाय पुढे टाकायचा आणि पाठ मागे रेटायचा. अर्धवट वर यायचा आणि धप्पकन खाली. एकदा खुर्चीसकट पडला. हाड मोडलं नाही एवढंच नशीब. त्याला उचलताना वहिनीची कंबर धरली, आणि तेव्हा कुठे तिने मला सांगितलं की आता माझ्याच्याने होत नाही.

दवाखान्यातून एक थेरपिस्ट घरी येऊ लागली. वयाने माझ्या मुलीएवढी, पण बोलणं नेमकं. तिने सगळं स्पष्ट करून सांगितलं. शहरात अशा माणसांसाठी दिवसभराचं एक केंद्र होतं. सकाळी सोडायचं, संध्याकाळी आणायचं. तिथे चारचौघांत जेवणखाण, व्यायाम, गप्पा. पण शब्दांनी सांगितल्यावर खुर्चीतून उठता आलं पाहिजे आणि हात धरून टेबलापर्यंत जाता आलं पाहिजे, अशी त्यांची अट होती, कारण उचलायला तिथे माणसं नव्हती. ते जमलं नाही तर एकच जागा उरत होती, शहराबाहेरची संस्था. वहिनी ती जाऊन बघून आली. चादरी स्वच्छ होत्या, म्हणाली, कोपरे घट्ट खोचलेले होते. पण एकाही पलंगाखाली चपला नव्हत्या, म्हणजे उठून चालणारं कोणी नव्हतंच. त्यावर दोन दिवस ती नुसती इस्त्री करत राहिली. मग इस्त्रीचा प्लग काढला आणि थेरपिस्टला म्हणाली, सांगा कसं शिकवायचं ते.

थेरपिस्ट म्हणाली, “त्यांचं डोकं विसरलं तरी अंग अजून शिकतं. रोज तेच शब्द, त्याच क्रमाने, त्याच आवाजात. चुकू द्यायचं नाही आणि चुकल्यावर रागवायचं नाही. काल शिकवलेलं आठवतं का, असं कधी विचारू नका. आठवणार नाही, नुसते ओशाळतील. एक मात्र लक्षात ठेवा. अंगाला रोज जे द्याल ते सगळं अंगवळणी पडेल. त्यातलं हवं कोणतं आणि नको कोणतं, ते अंगाला कळत नाही.”

शब्दही तिनेच ठरवून दिले. पुढे सरका. पाय मागे. नाक पुढे. उठा. आणि शेवटी सांगितलं की एका खुर्चीत जमलं की खुर्ची बदला, खोली बदला, दुकानात बसवा, रस्त्यावर न्या, माणसांत न्या. एकाच जागी शिकलेलं त्या जागेपुरतंच राहतं.

हे काम वहिनीच्या हाताला बसलं. कॉलर, खांदा, बाह्या करणाऱ्या बाईला क्रम शिकवावा लागत नाही. रोज ठरल्या वेळी ती काउंटरची फळी खाली ओढायची, मागच्या खोलीत यायची, दार लावून कडी घालायची, पडदा ओढायची, दादाच्या उजव्या बाजूला उभी राहायची आणि म्हणायची, पुढे सरका. एकाही दिवशी शब्द बदलला नाही, आवाज चढला नाही. दादाला रोज वाटायचं, हे आपण पहिल्यांदाच करतोय. पण त्याच्या टाचा तिच्या शब्दाआधीच मागे जायला लागल्या. मग एक दिवस ‘नाक पुढे’ म्हणता म्हणता तो सरळ उभाच राहिला, आणि पूर्वीसारखी पाठ ताठ करून त्याने आम्हा दोघींकडे बघितलं. मी तोंडात बोट घातलं. वहिनीने त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली, उगाचच, ती नीटच होती.

थेरपिस्टही खूश झाली. तिने विचारलं, दुकानात बसवून बघितलं का, बाहेर नेता का. वहिनी म्हणाली, हो, नेते ना.

मी चहाचे कप घेऊन तिथेच उभी होते. मी म्हटलं, कधी नेलंस, मला तर दिसला नाही. वहिनीने माझ्याकडे बघितलंही नाही. थेरपिस्टला म्हणाली, ही दुपारची घरी नसते, हिला काय माहीत. आणि तो विषय तिथे मिटला.

थेरपिस्ट गेल्यावर आमचं चांगलंच वाजलं. मी सांगितलं की तू त्याला मागच्या खोलीत पुरून ठेवला आहेस. ती म्हणाली, गल्लीच्या डोळ्यांत तो अजून कडक आहे, तसाच राहू दे. पाय ओढत चाललेला, तोंडातून लाळ गळणारा बघितला की लोक तेवढंच लक्षात ठेवतील. मग मला म्हणाली, तुला नाही वाटत लाज? वाटत नव्हती असं नाही, पण मला रोज काउंटरवर उभं राहायचं नव्हतं. म्हणून मी नाही म्हटलं, आणि ते तिला पटलं नाही.

केंद्रात दाखवायला न्यायचा दिवस आला. वहिनीने दादाच्या काळ्या पँटला अशी क्रीज पाडली होती की हॉटेलवाल्यांनी परत कामावर घेतलं असतं. टॅक्सी तिने मागच्या बोळात बोलावली.

केंद्राचा हॉल मोठा होता. उजेड भरपूर, फरशी चकचकीत, आणि दोन्ही दारं सताड उघडी. टेबलांभोवती म्हातारी माणसं बसली होती. कोणी कागद दुमडत होतं, कोणी नुसतंच बघत होतं. दादाला मधोमध एका खुर्चीत बसवलं. केंद्राच्या बाई समोर उभ्या राहिल्या, थेरपिस्ट बाजूला. सगळ्यांच्या माना आमच्याकडे वळल्या. वहिनी त्याच्या उजवीकडे उभी राहिली, आणि तिचे कान लाल झालेले मला लांबूनही दिसले. ती म्हणाली, पुढे सरका.

दादा हलला नाही. त्याला ऐकू गेलं होतं, कारण त्याच्या टाचा किंचित मागे गेल्या. पण तिथेच तो थांबला आणि मान वळवून मागे बघायला लागला. वहिनी पुन्हा म्हणाली, पुढे सरका, पाय मागे. त्याने दोन्ही तळहात पँटवर पुढून झाकून धरले. त्याची पँट कोरडी होती, चेन लावलेली होती, झाकण्यासारखं काही नव्हतं. मग तो वहिनीकडे झुकला आणि एखाद्या पाहुण्याची चूक चारचौघांत न दाखवता सांगावी तसं हळूच म्हणाला,

“आधी दार लावा, बाई. लोक बघतील.”

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. केंद्राच्या बाईंनी मऊ आवाजात विचारलं, घरी दार लावून शिकवता का. वहिनीने मान खाली घातली. थेरपिस्टला सगळं कळलं, ते तिच्या तोंडावर दिसलं, पण तिने नुसती हातातली वही मिटली. रागावली असती तर बरं झालं असतं.

बाहेर येऊन वहिनी बाकावर बसली. मग थेरपिस्टला म्हणाली, “मी त्यांना बाहेर नेतच नव्हते. खोटं बोलले तुमच्याशी. उठायला शिकवतेय असं मला वाटत होतं. ते लपायला शिकले.”

थेरपिस्ट तिच्याशेजारी बसली. तिने सांगितलं की केंद्र अजून एक संधी देईल, पण शिकलेलं पुसायला शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. दार एकदम उघडं टाकू नका, ते घाबरतील. रोज थोडं कमी लावा.

मग सुरू झालं ते वहिनीसाठी जास्त अवघड होतं. आधी कडी घालणं बंद झालं. मग दार नुसतं लोटलेलं. मग फट. दादा त्या फटीकडे बघायचा, तळहात पँटवर न्यायचा, आणि वहिनी त्याच आवाजात म्हणायची, पुढे सरका. ज्या दिवशी तो उठायचा नाही त्या दिवशी ती दार किंचित आणखी ढकलायची आणि पुन्हा सुरू करायची. मग खुर्ची उंबऱ्यात आली. मग एक दिवस वहिनीने ती स्वतः उचलून दुकानात आणली, टेबलाच्या शेजारी, रस्त्यावरून सरळ दिसेल अशी, आणि काउंटरची फळी खाली न ओढता तिथे उभी राहिली.

गिऱ्हाइकं थांबली. तीच गठ्ठ्यावाली बाईही होती. वहिनीने पहिला शब्द उच्चारला तो घोगरा आला. घसा खाकरून पुन्हा म्हटला. तिच्या कपाळावर घाम होता, आणि तो इस्त्रीचा नव्हता. इस्त्री थंडच होती. दादा उठायला लागला, अर्ध्यात लटकला, त्याच्या तोंडातून लाळ सुटली. वहिनीने ती सगळ्यांदेखत आपल्या हाताने पुसली आणि म्हणाली, नाक पुढे. तो उठला. गठ्ठ्यावाली बाई काउंटरवर कपडे ठेवून सावकाश म्हणाली, कडकदादा, बऱ्याच दिवसांनी दिसलात. दादाने मान झुकवली. वहिनीने तिच्या कपड्यांची चिठ्ठी खाली बघूनच लिहिली.

दुसऱ्या खेपेला केंद्रात दारं उघडी होती आणि दादा उठला. वहिनीचा हात धरून टेबलापर्यंत गेला, एका म्हातारीसाठी खुर्ची ओढली, मग स्वतः बसला. केंद्राच्या बाई म्हणाल्या, उद्यापासून आणा. पलंगाखाली चपला नसलेली ती संस्था टळली. वहिनी टॅक्सीत माझा हात घट्ट दाबून बसली होती, आणि मी पहिल्यांदाच तिला टोचून काही बोलले नाही.

पहिल्या आठवड्यातलीच संध्याकाळ. आम्ही दोघी त्याला आणायला गेलो. हॉलमध्ये केंद्राच्या बाई त्याच्याजवळ बसून बोलत होत्या. त्यांची पाठ आमच्याकडे होती. त्यांनी विचारलं, तुम्हाला न्यायला कोण येतं? दादा म्हणाला, एक बाई येतात. इस्त्री फार सुंदर करतात. त्यांनी विचारलं, त्या तुमच्या कोण?

दादाने विचार केला. खरोखर मनापासून केला, त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“ते नाही सांगता यायचं,” तो म्हणाला. “चांगल्या आहेत. पण त्यांना माझी लाज वाटते.”

तक्रारीचा सूर नव्हता. एखाद्या पाहुण्याला कोपऱ्यातलं टेबल लागतं, असं नव्या वेटरला समजावून सांगावं तसं त्याने सांगितलं.

वहिनी दारात त्याचा स्वेटर हातात घेऊन उभी होती. केंद्राच्या बाईंनी वळून बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. तिचं नाव गेलं होतं, लग्न गेलं होतं, कोपऱ्यापर्यंत त्याला बघत उभं राहण्याची सगळी वर्षं गेली होती, आणि त्या बंद खोलीतले थोडे महिने तेवढे त्याच्या अंगात शिल्लक होते. ती आत गेली. त्याच्या उजवीकडे उभी राहिली. नेहमीच्या आवाजात म्हणाली, पुढे सरका, पाय मागे, नाक पुढे, उठा. तो उठला, आणि आपला हात त्याने आपणहून तिच्या हातात दिला.

त्या संध्याकाळी तिने टॅक्सी केली नाही, आणि मागच्या बोळातूनही आली नाही. मोठ्या रस्त्याने, ऐन गर्दीच्या वेळी, दादाच्या पावलाने आम्ही निघालो. पहिल्याच दुकानापाशी ती थांबली. दुकानदाराने वर बघितलं तसं ती स्वच्छ आवाजात म्हणाली, “हे माझे मिस्टर. आम्ही दोघं घरी चाललोय.”

दुकानदार गोंधळला. पुढच्या दुकानापाशी तेच. चौकात तेच. शब्द तेच, क्रम तोच, आवाज तोच. आता हे रोजचंच झालं आहे. दादा दर वेळी मान झुकवतो. त्यातलं काय त्याच्यापर्यंत पोचतं ते मला माहीत नाही. थेरपिस्टला विचारलं तर तीही नक्की काही सांगत नाही. मीच एकदा वहिनीला म्हटलं, अगं, लोकांना वाटेल आता तुझंही डोकं फिरलं. ती म्हणाली, वाटू दे.

परवा बेकरीवाला हसला. म्हणाला, “अहो बाई, कडकला मी ओळखत नाही का? तुमच्या लग्नाआधीपासून ब्रेड नेतोय माझ्याकडून. रोज काय सांगता मला?”

“तुम्हाला नाही हो सांगत,” वहिनी म्हणाली, आणि दादाचा हात धरून पुढच्या दुकानाकडे वळली.